सुरगाठीचं लाल टोक

सगळं क्लेगशॉ गाव माझ्या नवऱ्याला ‘स्किप’ म्हणतं. स्काऊटांच्या प्रमुखाला आमच्याकडे तसंच म्हणतात. लेनर्ड ऑल्डरशॉ हे त्याचं खरं नाव आता फक्त मी घेते आणि दाताचा डॉक्टर घेतो. लग्न केलं तेव्हा आपण एका माणसाशी लग्न करतोय असा माझा समज होता. पुढे कळलं की पोरांचं एक अख्खं पथक, चॅपलमागची पत्र्याची शेड आणि घायपाताच्या दोरांची कोठी एवढं सगळं पदरात पडलंय. दोर वाळवायचे, गुंडाळायचे, कुजलेले बाजूला काढायचे, हे काम माझं. शर्टावरचे बिल्ले त्याचे.

लेनर्ड वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कुणाला खरं वाटणार नाही. लोकांची पोरं त्याने चिखलात, गारठ्यात, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांसकट सांभाळली. पाण्याला भिणाऱ्यांना पोहायला शिकवलं, तंबूत आईच्या आठवणीने रडणाऱ्यांना कोको करून पाजला. त्याचं दुखणं एकच होतं. त्याच्यासाठी कुणी कधी धड टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि ते त्याला आतून कुरतडत होतं. मी वाजवायचे, पण बायकोच्या टाळ्या कोण धरतं हिशेबात?

गोफणयंत्राचं खूळ काढलं ते कर्स्टीने. कर्स्टी बॅराक्लफ, चौदा वर्षांची, पथकातल्या एका तुकडीची नायक. बोलणं मोजकं, पण एखादी गोष्ट पटली नाही की खालचा ओठ पुढे यायचा आणि मग तिला हलवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. जुन्या काळी किल्ल्यांच्या भिंती फोडायला जे अगडबंब यंत्र वापरायचे ते तिने कुठल्याशा चित्रात पाहिलं होतं. हिवाळ्यात एका शुक्रवारी शेडमधल्या झाडूच्या दांड्यांचं तिने त्याचं पिल्लू बनवलं. एका बाजूला खड्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला बुटाच्या नाडीची गोफण. तिच्यातून उकडलेला बटाटा सुटला तो थेट भिंतीवरच्या घड्याळावर. घड्याळ अजून बंद आहे.

लेनर्डचा चेहरा तेव्हा असा उजळला की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. हे मोठं करायचं, म्हणाला. अगदी खरोखरचं, दोन पुरुष उंच, आणि उन्हाळी जत्रेला क्रिकेटच्या मैदानावर सगळ्या गावासमोर चालवून दाखवायचं. पोरांनी शेड डोक्यावर घेतली.

मग थंडी सरल्यापासून दर शुक्रवारी तेच. दोन्ही बाजूंना वाशांच्या कैच्या, त्यांच्यावर आडवा आस, आसावर लांबलचक दांडा. दांड्याच्या आखूड टोकाला दगडांनी भरलेलं पिंप, लांब टोकाला गोफण. पिंप खाली कोसळलं की लांब टोक वर झेपावतं आणि गोफणीत जे असेल ते आकाशात जातं. सांगायला सोपं आहे. पण खिळा नाही, स्क्रू नाही, सगळी मदार दोरावर आणि गाठींवर. घायपाताचा दोर ओला असताना घट्ट वाटतो आणि वाळला की ढिला पडतो, म्हणून बांधायचा तो कोरडाच. आता आमच्या खोऱ्यात कोरडं काय असतं? दोराची वेटोळी माझ्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या दांडीला टांगलेली असायची. आमच्या रविवारच्या भाजलेल्या मटणालाही तेव्हा गोठ्याचा वास यायचा.

कर्स्टी प्रत्येक बांधणीला स्वतः लोंबकळून बघायची. कुरकुर ऐकू आली तर बोलायची नाही. बांधणी सोडायची आणि दोर ज्याचा त्याच्या हातात परत द्यायची. पोरं वैतागायची. डेव्ही पॉगसन तर एकदा तिला म्हातारी म्हणाला. डेव्ही पथकातला सगळ्यात लहान, स्किपच्या पायात पायात करणारा. स्किपने उडी मार म्हटलं असतं तर कुठून एवढंच त्याने विचारलं असतं. कर्स्टीने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "पिंप डोक्यावर पडलं ना, तर तू कधीच म्हातारा व्हायचा नाहीस."

लेनर्डला तिचं हे वागणं फार आवडायचं. त्याचा स्वतःचाही एक नियम होता. यंत्राभोवती खुंट्या ठोकून त्याने दोराचं कडं केलं होतं, आणि पिंप वर चढलं की कड्याच्या आत कुणी पाय टाकायचा नाही, खुद्द स्किपनेही नाही. "वजन वर, माणूस बाहेर," हे तो पोरांकडून पाढ्यासारखं घोकून घ्यायचा. एकदा मी चहा घेऊन तशीच आत निघाले तर माझ्या अंगावर असा ओरडला की अर्धा चहा माझ्या बाहीवर सांडला. मला राग आला, पण बरंही वाटलं. म्हटलं, पोरं चांगल्या हातात आहेत.

सगळ्यात नाजूक काम शेवटच्या गाठीचं. पिंप वर असताना दांडा खाली जखडून ठेवायला एक दोर, आणि त्या दोराला सुरगाठ. तिची दोन टोकं कड्याच्या बाहेर आणलेली, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवीकडचं ओढलं की गाठ क्षणात सुटते. डावीकडचं नुसतं खुंटीला अडकवायचं, दोर दांड्याबरोबर उडून जाऊ नये म्हणून. ते कुणी ओढलं तर सुरगाठीची निरगाठ होते, आणि जितका जोर लावाल तितकी ती आवळत जाते. म्हणून कर्स्टीने उजव्या टोकाला लाल लोकर गुंडाळली होती. तशी गाठ बसलीच तर काय करायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. दांडा खाली ओढायचा जो मोठा दोर असतो तो लांब काठीच्या आकड्याने बाहेरूनच पुन्हा दांड्यात अडकवायचा, सहा जणांनी ओढून धरायचा, म्हणजे गाठीवरचा ताण जातो आणि लाल टोक ओढून ती सोडवता येते. वेळ लागतो, पण आत जावं लागत नाही.

आमच्या पथकात एक जुनी रीत आहे: ज्याची गाठ, त्याचा हात. ओढ्यावर पूल बांधला तर शेवटची गाठ ज्याची, तो पुलावरून पहिला जातो. चुलीचं तिकाटणं ज्याने बांधलं, त्याला पहिला चहा. ही सुरगाठ कर्स्टीची, तेव्हा जत्रेत लाल टोक कर्स्टी ओढणार, असं लेनर्डने सगळ्या पोरांसमोर जाहीर करून टाकलं. नंतर शेड झाडताना ती गुणगुणत होती, आणि ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई लॉरेन मला पावाच्या दुकानात भेटली. लॉरेन बिस्किटाच्या कारखान्यात पाळीवर जाते, तिची आणि पोरीची गाठभेट बहुतेक स्वयंपाकघराच्या दारातच होते. जत्रेच्या शनिवारची पाळी तिने बदलून घेतली होती. "पोरीनं पहिल्यांदा मला ‘ये’ म्हटलंय," ती म्हणाली. "एरवी शाळेत काय चाललंय ते मला शेजारणीकडून कळतं." हे सांगताना तिने हातातला पाव इतका दाबला की तो चपटा झाला.

जत्रेच्या दिवशी पाऊस धड पडतही नव्हता आणि धड जातही नव्हता. सकाळी पोरांनी मैदानाच्या टोकाला यंत्र उभं केलं. पलीकडे, कुणी नसेल अशा बाजूला, जुन्या दारावर किल्ला रंगवून ठेवला होता. फेकायला लेनर्डच्या परड्यातले कोबीचे गड्डे. मी मैदानाच्या कडेला चहाच्या टेबलावर होते, मोठी किटली आणि ओट-गुळाच्या वड्यांच्या परातींमागे.

तेवढ्यात जत्रा समितीचा एकजण येऊन लेनर्डच्या कानाला लागला. नगराध्यक्ष विंटरबर्न यांना पहिली फेक करायला आवडेल. साप्ताहिकाचा फोटोवालाही येतोय. शिवाय स्किपच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल साहेब दोन शब्द बोलतील म्हणतात. दोन शब्द म्हटल्याबरोबर लेनर्डने पोट आत घेतलं, ते मला तेवढ्या लांबूनही दिसलं.

त्याने कर्स्टीला माझ्या टेबलापाशीच बाजूला घेतलं आणि समजूत घातली. मोठी माणसं आहेत, गावाचा मान असतो, आणि दुसरी फेक आहेच की तुझी. कर्स्टीचा ओठ पुढे आला.

"गाठ माझी आहे, स्किप."

"तुझीच आहे गं. ते फक्त ओढणार."

"मग त्यांना सांगा, लाल टोक," ती म्हणाली, आणि पिंपात दगड भरायला निघून गेली. मी लेनर्डकडे बघितलं. त्याने एक वडी उचलली आणि तोंडात कोंबली, म्हणजे मला उत्तर द्यायला नको. लॉरेन पहिल्या रांगेत फोन तयार धरून उभी होती. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

दुपारी नगराध्यक्ष आले, गळ्यात सोन्याची साखळी, पायात स्वच्छ बूट. दोन शब्दांचे वीस झाले. लेनर्डचं नाव त्यांनी एकदा चुकीचं घेतलं आणि एकदा बरोबर. टाळ्या वाजल्या. भरपूर वाजल्या, आणि माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं, खोटं का बोलू. पोरांनी पिंप वर चढवलं, कर्स्टीने सुरगाठ घातली, दांडा खाली ओढायचा दोर काढून घेतला, आणि सगळे कड्याच्या बाहेर आले. तिने नगराध्यक्षांना लाल टोक दाखवलं. ते हसले, तिचा खांदा थोपटला.

मग फोटोवाल्याने घोळ घातला. साहेब, इकडून नको, पलीकडून या, म्हणजे मागे गिरणीचं धुराडं येईल. साहेब पलीकडे गेले. तिथे खुंटीला एक दोर होताच, तो त्यांनी सोडवून हातात घेतला. कर्स्टी लेनर्डला म्हणाली की ते टोक नाही. लेनर्ड फोटोसाठी गळ्यातला स्कार्फ सारखा करत होता. तो "हो, हो" म्हणाला, मी कोळसा संपलाय म्हटल्यावर म्हणतो तसं. ती पुन्हा म्हणाली. तोवर नगराध्यक्षांनी ओढलं होतं.

काही झालं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय रोवून, मागे झुकून ओढलं, आणि लोक हसायला लागले. साहेब मुरलेले होते. ते म्हणाले, "आमच्या नगरपालिकेसारखंच आहे की हे. कितीही ओढा, हलत नाही." आणखी हशा पिकला. लेनर्ड मात्र गळ्यापासून कानापर्यंत लाल झाला.

कर्स्टी आकड्याची काठी घेऊन आली. शांतपणे तिने सांगितलं की गाठ बसली आहे, दोर अडकवून दांडा ओढून धरावा लागेल, थोडा वेळ लागेल. समितीचा माणूस घड्याळ दाखवू लागला. पुढे बँड होता, मग केकचं बक्षीस, नगराध्यक्षांना अजून कुठेतरी जायचं होतं. लोक आता पायांची चाळवाचाळव करत होते. काहीजण कुत्र्यांच्या शर्यतीकडे निघालेही. लेनर्डने ते जाणारे लोक पाहिले.

त्याने पट्ट्याला अडकवलेली दाभणासारखी लोखंडी सळी काढली, बसलेल्या गाठी उचकटायची, आणि ती कर्स्टीपुढे धरली. मला त्याचे शब्द नीट ऐकू आले, कारण तोवर मैदान बरंच शांत झालं होतं.

"पटकन वाकून जा. एक फट पाड, सुटेल."

"वजन वर आहे, स्किप."

"मला दिसतंय."

"वजन वर, माणूस बाहेर. तुम्हीच शिकवलंत."

"कर्स्टी, लोक बघतायत."

"म्हणून काय पिंप हलकं झालं?"

कुणीतरी पुरुष मोठ्याने हसला. लेनर्डने सळी मागे घेतली नाही. कर्स्टीने हात पुढे केला नाही. आणि त्या दोघांच्या मधून, कुणी त्याचं नाव न घेता, डेव्ही आला. सळी घेतली, एकदा स्किपच्या तोंडाकडे बघितलं. लेनर्डने मान हलवली. जेमतेम हलवली, पण अडतीस वर्षं मी ती मान बघत आले आहे. ती ‘जा’ म्हणाली.

मी किटली खाली ठेवून चार पावलं टाकेपर्यंत डेव्ही दांड्याखाली उकिडवा बसला होता. त्याने सळी खुपसली, हिसका दिला, आणि पिंप कोसळलं. दांडा असा काही वर गेला की जमीन हादरली. कोबी धुराड्याच्या अंगाने गेला आणि खाली येऊन रंगवलेल्या दाराच्या बरोबर मधे फुटला. त्याच्या पाठोपाठ डेव्हीची टोपी हवेत गिरक्या घेत आली. गोफणीच्या दोराने ती त्याच्या डोक्यावरून उडवली होती.

अशा टाळ्या मी क्लेगशॉमध्ये कधी ऐकल्या नाहीत. टोपीची गंमत मुद्दामच केलेली आहे असं लोकांना वाटलं. डेव्ही दोन्ही हात वर करून बाहेर आला. मी त्याला धरून त्याचं डोकं वळवून बघितलं. कानाच्या वर, केसांत, दोराचा लाल वळ उठला होता आणि कातडी सोलवटली होती. बोटभर आत असता तर टोपीबरोबर काय काय गेलं असतं ते मला दिसलं. "दुखत नाही, मिसेस ऑल्डरशॉ," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून निसटून फोटोला पळाला.

नगराध्यक्षांनी डेव्हीच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या बाजूला लेनर्ड, मागे धुराडं. फोटो झाल्यावर साहेबांनी सहज विचारलं की ती काठी घेऊन उभी असलेली मुलगी कोण. हा प्रश्न लॉरेनपासून हातभर अंतरावर विचारला गेला. कर्स्टी तर समोरच होती.

लेनर्ड म्हणाला, "आमच्यातलीच आहे. जरा घाबरते."

मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याची लाज वाटली. नुसती लाज नाही, किळस वाटली. ज्या पोरीने हिवाळ्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर एकेका बांधणीला स्वतःचं वजन देऊन पाहिलं, ती घाबरते. ज्याने तिला नियम शिकवला तोच हे बोलला, आणि तेही हसतमुखाने, एखादी लहानशी तक्रार सांगावी तसं. लॉरेनने फोन खाली घेतला. कर्स्टीने काठी जमिनीवर आडवी ठेवली.

नगराध्यक्ष पुढे गेले. पण लोक मात्र आता हलेनात. आणखी एक, आणखी एक, असं ओरडू लागले. बातमी पसरली तशी शर्यतीकडे गेलेलेही परत आले. गर्दी दुप्पट झाली. लेनर्ड खुलला. पिंप पुन्हा चढवायला पोरं लागली. गाठ कर्स्टीनेच घातली. रीत ती रीत. लेनर्ड तिच्याजवळ गेला, आणि मला ठाऊक आहे, त्याच्या मनात तेव्हा खरंच भरपाई करायची होती.

"चल, आता तू ओढ. तुझीच पाळी आहे. आईला नीट दिसेल असं ओढ."

कर्स्टीने होकारार्थी मान हलवली. सगळे कड्याच्या बाहेर गेल्याची तिने खात्री करून घेतली, एकेका पोराकडे बोट दाखवून. मग ती उजव्या बाजूला, लाल टोकापाशी गेली. लॉरेनने फोन पुन्हा वर धरला. कर्स्टीने लाल टोक उचललं, लोकरीवरून अंगठा फिरवला, आणि ते जपून गवतावर ठेवून दिलं. मग ती यंत्राला वळसा घालून डाव्या बाजूला गेली, खुंटीवरचा दोर सोडवला, मनगटाला दोन वेढे दिले आणि अंगातला सगळा जोर लावून ओढला. पुन्हा ओढला. गाठ करकरली ते पहिल्या रांगेला ऐकू आलं.

"बसली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "काठी तिथं आहे, दोर तिथं आहे. सहा जण लागतात. नाहीतर पाठवा आत, ज्याला पाठवायचं त्याला."

लेनर्डचं तोंड उघडं होतं. एकीकडे एवढं गाव, आणि समोर चौदा वर्षांची पोर, त्याच्याच नियमावर पाय रोवून उभी. एकच शब्द त्याला बोलायचा होता. थांबा. पोरांनो, दोर धरा, आपण नीट करू. तेवढ्याने सगळं मिटलं असतं. सकाळपासूनचं सगळं. मी वाट बघत होते. अडतीस वर्षांत मी त्याच्याकडून फार काही मागितलं नाही, पण तेव्हा मनातल्या मनात मी तो शब्द मागत होते.

डेव्हीने एक पाय कड्याच्या आत टाकला होता. चेहराभर हसू. या वेळी टोपी काढून त्याने आधीच खिशात घातली होती.

लेनर्ड म्हणाला, "सांभाळून रे, डेव्ही."

मी धावले. माझ्या वयाच्या बाईने धावू नये तशी धावले. डेव्हीचा दुसरा पाय आत जायच्या आत मी त्याला मागून पट्ट्याला धरलं आणि ओढून बाहेर काढलं. तो गवतावर आपटला, मी त्याच्यावर. लोक दचकले. मी उठले, चष्मा शोधला, आणि नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी.

लेनर्डने लोकांकडे बघून हात पसरले. "आमची मंडळीही जरा घाबरते," तो म्हणाला.

सगळं मैदान हसलं. चांगल्या मनाने हसलं, चॅपलमध्ये माझ्या शेजारी बसणारे लोक हसले. डेव्ही माझ्या हातात वळवळत होता, रागाने रडत होता. "सोडा मला. स्किपनी सांगितलंय." त्याचा मोठेपणा मी हिसकावून घेतला होता, आणि तो मला कधी माफ करणार नाही हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

कर्स्टीने आकड्याच्या काठीने बाहेरूनच दोर दांड्यात अडकवला. पहिल्या झटक्यात जमलं नाही, दुसऱ्यात जमलं. मग दोर खांद्यावर घेऊन ती उभी राहिली. लॉरेनने फोन खिशात टाकला, पोरीच्या मागे जाऊन दोर धरला, आणि पोरीला काही विचारलं नाही. तुकडीतली बाकीची पोरं, ज्यांनी तिच्याबरोबर प्रत्येक शुक्रवारी हाच दोर ओढला होता, ती स्किपच्या तोंडाकडे बघत होती. लेनर्डने बँडवाल्यांना हाताने खूण केली. ढोल वाजला, पितळी वाद्यं सुरू झाली, आणि गर्दी तिकडे वळली. मी जाऊन लॉरेनच्या मागे दोर धरला. सहा जण लागतात. आम्ही तिघी होतो, आणि माझा एक हात डेव्हीच्या पट्ट्यात अडकलेला होता.